ळ

खानापूरच्या पतसंस्थेत सर्व्हर ठेवलाय
जुन्या तिजोरीच्या खोलीत. तिजोरी आता रिकामी,
तिच्यावर यूपीएस, यूपीएसवर पाल.
मी बेळगावहून महिन्यातून दोनदा येतो,
बॅकअप तपासतो, समोर आंबोळी खातो,
चारच्या गाडीनं परत.
नवं व्हर्जन चढवायचं दर वेळी पुढं ढकलतो.

सातेरी गुरव काउंटरवर बसतो.
त्याला डेटाबेसात फक्त बघायचा हक्क.
बघायचा, आणि सामाईक ओसरीवर
चार कच्ची कोष्टकं मांडायचा.
हे दुसरं मीच दिलेलं, महिनाअखेरच्या बेरजांसाठी.
असलं कोण लक्षात ठेवतो.

बुधवारी म्हणाला,
"सर, एक दाखवायचं होतं. खरं तुम्ही रागावू नका."
(आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या कंपनीत त्यावरून हसायचे.)

रोज रात्री दोनला मालकाच्या नावानं
साफसफाई चालते. मालक म्हणजे सुपरयुजर,
ज्याला कुठलंच दार अडवत नाही.
साफसफाई एका फंक्शनला हाक मारते,
नुसतं नाव घेऊन.
सर्व्हर आधी ओसरीवर बघतो, मग आतल्या खोलीत.
सातेरीनं ओसरीवर
त्याच नावाचं दुसरं बसवून ठेवलं.

नंदगडच्या बाजारात "ए परशा" म्हणा,
गूळवाला वळतो. तुम्हाला हवा असतो वायरमन.
खरं वळला तो वळला.
मालकानं हाक मारली,
सातेरीचा परशा "ओ" म्हणाला
आणि मालकाच्याच अंगरख्यात आत गेला.

"आणि केलंस काय?"
सत्तावीस हजार खाती, ठेवी, सोन्याची तारणं,
माझ्या पोटात गोळा.
"एक अक्षर."

लॉग उघडला. दोन वाजून चार मिनिटं.
एकच ओळ बदललेली: बालव्वा नागेश गुरव.
ल गेला, ळ आला.

संस्थेत संगणक आले त्या वर्षी
नावं इंग्रजीत भरली,
मग इंग्रजीतून परत मराठीत आणली.
येता येता ळ गळाला.
ळ मराठीत आहे, कन्नडातही आहे,
पाट्यांवरून ज्यांचं जमत नाही त्या दोघींकडेही आहे.
नेमका मधल्या मुक्कामात नव्हता.
आधारवर बाळव्वा, ठेवीवर बालव्वा.
नऊ अर्ज, दोन अफिडेव्हिट,
आणि मॅनेजरचं एकच, "वरनं यायला पाहिजे."
वरनं म्हणजे कुठनं,
ते सातेरीनं शोधून काढलं.

मी ओसरी बंद केली.
साफसफाईच्या प्रत्येक हाकेला पूर्ण पत्ता लावला,
कुठल्या गल्लीतला, कुणाच्या घरचा.
ढकललेलं व्हर्जन चढवलं.
सर्व्हर उठेपर्यंत सातेरी तिजोरीला टेकून उभा,
नखानं तिचा रंग खरवडत.
नोकरीचं काय होणार, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही, मला माहीत नव्हतं.

अहवालात रकाना होता:
त्रुटीचा गैरवापर झाला काय?
होय किंवा नाही, तिसरी जागा नाही.
खाली दुसरा:
बदल पूर्ववत केले काय?
मंगळवारचा बॅकअप हाताशी होता. त्यात ल होता.
एक ओळ टाइप केली असती की झालं असतं.
मी मालकाच्या नावानं आत बसलेलो,
मला कुठलंच दार अडवत नव्हतं.

बाहेर काउंटरच्या जाळीशी कुणीतरी आलं,
पिशवीत पासबुक, पासबुकाला दोरा.
"झालं काय रे सातेरी? आयतेन?"

"बस आई," तो म्हणाला,
"सर बघायलेत."